दहा महिन्यांचा कोच

“कागद तुमीच लिवलाय, अण्णा. आता आमी काय करावं?” बुटाची नाडी बांधत राजपाल म्हणाला. संघाचा कप्तान असूनही वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

अण्णा म्हणजे धुळाप्पा, अणदूरचा कोच. तो करार खरंच त्यानेच लिहिला होता. अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबा एकच. देव वर्षातले दोनेक महिने नळदुर्गला, बाकीचे अणदूरला, आणि नेताना गावागावांत रीतसर लेखी करार. फुटबॉलचंही तसंच झालं होतं. अणदूरची सात पोरं, नळदुर्गची सहा. एका गावाचा संघ उभा राहीना, आणि एकत्र यावं तर कोच कुणाचा यावरून डोकी फुटायची वेळ. तेव्हा धुळाप्पानेच शक्कल काढली. देव जिथं, संघ तिथं. त्या काळात त्या गावच्या कोचचाच शब्द, दुसऱ्याने मैदानावर तोंड उघडायचं नाही. दोन्ही गावच्या कोचांनी खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली आणि सह्या केल्या. दहा महिने आपल्या पदरात पडले म्हणून गडी आठवडाभर हवेत होता.

जिल्ह्याची स्पर्धा पौषात असते आणि पौषात देव नळदुर्गला असतो, हे सोलापूरच्या गिरणीकडून आठ वर्षं बॅक खेळलेल्या माणसाला सुचू नये, याला काय म्हणावं! सहा वर्षं त्यामुळे काही बिघडलंही नाही, कारण संघ पहिल्याच फेरीत गारद व्हायचा. यंदा मात्र फायनल, आणि शब्द नळदुर्गच्या कोचचा. पुढच्या वर्षी निम्मी पोरं पुण्याला कंपनीत जाणार होती. धुळाप्पाला अठ्ठावन्न लागलं होतं. पुन्हा असा दिवस येणार नव्हता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

नळदुर्गचा कोच नागप्पा माणूस भला. तो जवळ येऊन म्हणाला, “बसा की माज्या बाजूला. कोण विचारतंय?”

“भंडारा उचललाय, नागप्पा. जा तू, पोरं थांबलीत.”

धुळाप्पा कुंपणाबाहेर, शेंगा खात बसलेल्या लोकांत जाऊन बसला.

दुसरा हाफ अर्धा सरला तरी गोल नव्हता. राजपाल बॅक, बचावाला मागे राहायचा, पण चेव येऊन सारखा पुढे धावत होता. मागे त्याची बाजू ओस पडत होती. नागप्पाचं लक्ष पुढच्या पोरांवर होतं. धुळाप्पाला ते बाहेरून दिसत होतं. ‘राजपाल, माघारी फिर.’ एवढंच ओरडायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. त्याने खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातांत धरलं.

तिसऱ्या वेळी समोरच्या पोराने बरोबर त्याच मोकळ्या जागेतून चेंडू नेला. सामना एका गोलाने गेला.

पोरं गाडीत बसू लागली. राजपाल एकटाच कुंपणापाशी आला.

“अण्णा, म्या पुढं जात हुतो, तुमाला दिसलं न्हाय व्हय?”

“दिसलं.”

“कवा?”

“लई आधी.”

राजपाल त्याच्याकडे बघत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. सामना संपला की तो वाकून धुळाप्पाच्या पायाला हात लावायचा. आज तसाच वळला आणि गाडीकडे चालू लागला.

धुळाप्पा कुंपणाची तार धरून उठला. बसून बसून गुडघा आखडला होता. तो सरळ होईपर्यंत गाडी निघून गेली होती.