कशाबद्दल सॉरी?

"हा जिना बांधणाऱ्याला गुडघेच नव्हते की काय!" मागून नॉर्मन कुरकुरला.

"सॉरी," म्युरिएल म्हणाली. जिना पाचेकशे वर्षांचा, त्यात तिचा काडीचा हात नव्हता. पण त्या गावात एवढं म्हटल्याशिवाय माणसाला पुढची पायरी चढवत नाही.

दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात घंटांचा सराव असायचा. घंटा पाच, दोर पाच, एकेका दोराला एक माणूस. एडना दाराला धडकली आणि दारालाच सॉरी म्हणाली. नॉर्मनने क्लाइव्हचा पाय तुडवला, तेव्हा सॉरी म्हणाला तो क्लाइव्ह.

चौथा दोर मात्र खुंटीला गुंडाळून ठेवलेला होता. तो विल्फ्रेडचा, म्युरिएलच्या नवऱ्याचा. हिवाळ्यात तो गेला तेव्हा या तिघांनी दुखवट्याचा दबका नाद यावा म्हणून घंटांच्या लोळ्यांना चामडं बांधून इतकी सुरेख वाजवणी केली की म्युरिएलला वाटलं, आता खाली येऊन काहीतरी बोलतील. ते खाली आले, गारा थांबल्या बरं का, म्हणाले, आणि आपापल्या घरी गेले.

त्यानंतर विल्फ्रेडचं नाव कोणी काढलं नाही. दुकानात म्युरिएल दिसली की एडना लोणच्याच्या बरण्या न्याहाळत बसायची. बिचाऱ्यांना वाटायचं, नाव काढलं तर हिला आठवण होईल. जणू ती विसरूनच गेली होती! घरात स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ती किटलीशी बोलायची, आणि किटलीला निदान वाफ तरी यायची.

आजच्यानंतर इथे यायचं नाही, असं ती ठरवून आली होती. एकटंच बसायचं तर घरची खुर्ची मऊ आहे.

क्लाइव्ह त्यांचा म्होरक्या. वाजवणी सुरू करण्याआधी तो क्रमाने नावं पुकारायचा.

"म्युरिएल, एडना, नॉर्मन, विल्‌—"

तो थबकला. "सॉरी," घाईघाईने म्हणाला.

"सॉरी," एडनाही म्हणाली, उगीचच. नॉर्मन खोकला आणि खोकल्याबद्दल सॉरी म्हणाला.

म्युरिएलने हातातला दोर सोडला.

"कशाबद्दल, क्लाइव्ह?"

"अं... जीभ घसरली गं."

"ते ऐकलं मी. सॉरी कशाबद्दल म्हणालास?"

"मी खाली जाऊन चहा टाकते," एडना पुटपुटली.

"एडना, तू कुठे जायचं नाहीस."

क्लाइव्ह बीटासारखा लाल झाला. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग बुटांकडे. तिथे काही मिळेना, तेव्हा तिच्याकडे.

"विल्फ्रेड गेला," तो म्हणाला. "त्याचं वाईट वाटतं, म्युरिएल. फार वाईट वाटतं. आणि त्या घरात तू एकटी कशी राहतेस, हे विचारायचा मला धीर झाला नाही."