टाकी भरेपर्यंत

नळ खोकला.

पौषातली पहाट. घर गाढ, गल्ली गाढ, गल्लीपलीकडचं तळं तर धुक्याची दुलई डोक्यावरून ओढून घेतलेलं. त्या नितळ, निःशब्द शांततेत मोरीतला कोरडा नळ आधी एकदा खोकला, मग थुंकला, मग घशात गुरगुरला. पाणी आलं.

हर्षदा जागीच होती. कुशीतल्या रुंजीच्या मुठीत तिच्या गाऊनचं टोक अडकलेलं. एकेक बोट, कळीची पाकळी उलगडावी तसं, तिनं हलकेच सोडवलं. मूठ रिकामी झाली, पण बोटं तशीच वळलेली राहिली, जणू टोक अजून तिथंच आहे. हर्षदानं त्या मुठीवर ओठ टेकवले. मोटरचं बटण दाबलं. आणि जिना चढली.

टाकीचा व्हॉल्व्ह कधीचा बिघडलेला. आज बघू, उद्या बघू म्हणत तसाच राहिलेला. म्हणून टाकी भरताना कुणीतरी गच्चीवर उभं राहायचं, हा घराचा नियम. हाडं गोठवणाऱ्या थंडीत त्या कामावर कुणाचाच दावा नव्हता. म्हणून ते काम हर्षदाचं. आणि म्हणूनच तो वेळही हर्षदाचा. आख्ख्या दिवसात तेवढाच. टाकी भरेपर्यंत.

पूर्वेला सूर्य नव्हता, सूर्याची नुसती चाहूल होती. आभाळ आधी राखाडी, मग मोतिया, मग केळफुलाच्या आतल्या पाकळीसारखं कोवळं जांभुळकं. पलीकडच्या गुऱ्हाळाचा गोडसर धूर उसाच्या शेंड्यांवर रेंगाळलेला. तळ्याच्या काठाची पाणकणसं दवानं वाकलेली, एकमेकींच्या कानाशी लागलेली. आणि मधोमध पाणी: अजून न उजाडलेलं, अजून कुणी न बघितलेलं.

खोळ म्हणून चढवलेल्या जुन्या स्वेटरच्या बाहीतून तिनं दुर्बीण बाहेर काढली.

एका डोळ्याची, आखूड, ठेंगणी, शेवाळी रंगाची दुर्बीण. नेमबाजाच्या शेजारी तिकाटण्यावर उभी असते ती. गोळी सुटली की जागचं न हलता, दूरच्या कागदावर पडलेलं बारीकसं भोक याच काचेतून शोधायचं. हर्षदानं अशी कितीतरी भोकं शोधली होती. लग्नाआधी ती रायफल मारायची. जाडजूड कॅनव्हासचं जॅकेट घालून, पट्टे आवळून, कोपर बरगडीत रोवून उभी राहिली की वडील मागून म्हणायचे, "बघा, आमची पोरगी पुतळा झाली." ही दुर्बीण त्यांनीच आणून दिलेली.

लग्नानंतरही ती मारत होती. मग एक दिवस त्या जॅकेटचं मधलं बटण लागेना. पोटात रुंजी होती. हर्षदा हसली होती तेव्हा. पोटावर हात ठेवून, क्लबच्या आरशात बघून, मनापासून हसली होती. रायफल क्लबची, ती क्लबात परत गेली. जॅकेट माळ्यावर गेलं. थोडे दिवस, सगळे म्हणाले. थोडे दिवस, तीही म्हणाली. रुंजी आता पाचव्या वर्षात आहे.

आणि आज रविवार. आज दुर्बीणही जायची होती.

दिवाळीच्या फराळाला सगळे बसले होते तेव्हा ठरलं ते. राजश्रीवन्संचा राजवर्धन यंदा नेमबाजी शिकायला लागलेला. सासूबाई लाडू फोडत म्हणाल्या, "आमच्या हर्षदाची दुर्बीण नुसती पडून आहे की. ने पौषात येशील तेव्हा." संग्रामनं, तिच्या नवऱ्यानं, मान डोलावली. वन्सं म्हणाल्या, "बरं झालं बाई." चकल्यांचं ताट घेऊन हर्षदा तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. वाईट हेतूनं नाही हं. भिंतीवरच्या घड्याळाला वेळ बघताना आपण कुठं विचारतो, तसं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दुर्बीण घेऊन गच्चीवर आली. निरोप द्यायला म्हणून. एकदा डोळा लावावा, काच पुसावी, आणि देऊन टाकावी. तिनं काच तळ्याकडं वळवली, चाक फिरवलं, आणि धुक्याच्या पोटातून, सावकाश, रेशमाच्या घडीतून दागिना निघावा तसा, एक पक्षी निघाला.

त्यानंतर ती रोज आली.

आधी नुसतं बघणं होतं. मग बघितलेलं ठेवावं वाटू लागलं. तिच्याकडं कॅमेरा नव्हता. मोबाइल होता, एका कोपऱ्यात तडा गेलेला. दुर्बिणीच्या काचेला डोळ्याऐवजी मोबाइलचा डोळा लावला तर? लावला. अमावस्या. सगळं काळं. केसभर सरकवला, तर काळ्यात एक चंद्रकोर उगवली. आणखी केसभर, तर अष्टमी. श्वास सोडला, तर पुन्हा अमावस्या. असे किती चंद्र उगवले, किती मावळले, आणि प्रत्येक चंद्रात एक धूसर, पुसट, पाण्यात विरघळलेला डाग, ज्याला फक्त तीच पक्षी म्हणू शकली असती.

ती हटली नाही. माळा हुडकला. रुंजीच्या दुधाच्या बाटलीचं आट्यांचं कडं सापडलं, पिवळं, बदकाचं चित्र झिजलेलं. ते दुर्बिणीच्या तोंडावर घट्ट बसलं. त्यावर मोबाइल टेकवून रुंजीच्याच केसांच्या रबरांनी आवळला. आणि गोल चंद्र उगवला; पूर्ण, शुभ्र, न डगमगणारा.

तरी फोटो हलायचा. दूरचं जवळ आणणारी काच बोटाचा कंपही जवळ आणते, मोठा करते. मग कानात घालायची वायर जोडली, तिच्या गुंडीनं फोटो निघायला लागला. तरी पक्षी मिळेना. कारण हर्षदा अजून नेमबाजच होती. नेम धरायची, थांबायची, अजून थांबायची, सगळं शरीर एका बिंदूत गोळा होईतो थांबायची. आणि चंद्र रिकामा झालेला असायचा. इतकी वर्षं तिनं कागदावर नेम धरला होता. कागद उडत नाही.

म्हणून ती नव्यानं शिकली. पाणकोंबडीकडून घाई शिकली. टिबुकलीनं बुडी मारली की ती पुन्हा कुठं वर येईल याचा अंदाज शिकली, आणि तो चुकला की हसायलाही शिकली. मोबाइलमध्ये रिकाम्या पाण्याचे फोटो साठत गेले. एकदा संग्राम चाळताना म्हणाला, "हे काय, नुसतं पाणीच काढतीस होय?" ती म्हणाली, "पक्षी आत गेलाय." तो खो खो हसला. तिलाही हसू आलं. पण पाणी तिनं पुसलं नाही.

आज, या शेवटची ठरलेल्या पहाटे, तिला एक फोटो हवा होता. एक. स्पष्ट. 'पडून आहे' या दोन शब्दांच्या तोंडावर ठेवण्यासारखा.

धुकं फाटलं, आणि पाणकणसांच्या आडून तो दिसला.

जांभळा बगळा. नागवळणाची मान, दालचिनी कंठ, कंठावरून ओघळलेली काजळरेघ. पाठीवर करड्या संध्याकाळचा रंग. पाय पाण्यात, नजर पाण्यात, सगळा जीव पाण्यात. हलत नव्हता. पापणी हलत नव्हती, पीस हलत नव्हतं, सावली हलत नव्हती. हर्षदाला वाटलं, हा तर आपल्यातला. कोपर बरगडीत रोवलेला, पुतळा झालेला.

तिनं चंद्रात त्याला घेतलं. पण त्याचं तोंड पलीकडं होतं. मान वळायला हवी होती, एवढीशीच. ती थांबली. तो थांबला. तळ्याच्या या तीराला एक आणि त्या तीराला एक, दोन नेमबाज, मध्ये उजाडणारं पाणी.

आणि तिच्या मागं टाकी भरली.

आधी झाकणाखाली एक गुळगुळ. मग काठावरून एक धार. मग धारेची झालर, झालरीचा पदर, आणि पदर गच्चीच्या पन्हाळातून खाली अंगणात. थड थड थड थड, अंगणातल्या पत्र्यावर. गार पाणी तिच्या चपलांत शिरलं, टाचांना डसलं. खाली जाऊन बटण दाबायचं, एवढंच होतं. तिनं ऐकलं. तिला कळलं.

वाहू दे.

या घरात दूध तिनं कधी उतू जाऊ दिलं नव्हतं, डाळ नाही, शब्द नाही, रडू नाही. आज पहिल्यांदा तिनं काहीतरी उतू जाऊ दिलं. वाहू दे. पायरीपायरीनं वाहू दे. घराला ऐकू जाऊ दे.

जिन्यात सासूबाईंचा आवाज आला, मागोमाग त्या स्वतः, डोक्याला शाल गुंडाळून. "अगं, अंगणात पाऊस पडायलाय. बहिरी झालीस काय?"

"एक मिनिट, आत्याबाई."

"कसलं मिनिट? राजश्रीचा फोन आलाय, निघाल्यात ती लोकं. पुसून पिशवीत घाल म्हटलं, तर ही बघा, शिकारीला बसलीय."

हर्षदा वळली नाही. अर्धा श्वास सोडला, अर्धा धरला. छातीत एक ठोका पडला. पुढचा पडायच्या आधीची ती पोकळी, ती निर्वात, निळी, निमिषभराची जागा, जिथं ती पूर्वी राहायची, तिथं ती पुन्हा एकदा जाऊन उभी राहिली. पलीकडं मान वळली. सोनेरी डोळा. चोचीच्या टोकाला लोंबलेला एकच थेंब, आणि त्या थेंबात आख्खी पूर्व.

गुंडी दाबली गेली.

खाली संग्रामनं मोटर बंद केली. पाण्याचा आवाज थकत, थबकत, थेंबाथेंबानं थांबला. हर्षदानं फोटो बघितला. तो स्पष्ट होता. इतका, की तिला तो कुणाला दाखवावासा वाटेना. काय दाखवायचं? कशाला दाखवायचं? आपल्या वस्तूसाठी आपणच पुरावा द्यायचा होय?

"द्यायची नाही ती," ती म्हणाली.

"काय?"

"दुर्बीण. मी देणार नाही."

सासूबाईंनी शाल आवळली. "मी शब्द दिलाय, हर्षदा."

"तुम्ही दिलाय, आत्याबाई. दुर्बीण माझी आहे."

"बंदूक सोडलीस तेव्हाच सुटलं की ते सगळं. पोरगी झाली, संपलं. आता काय बगळ्यांची लग्नं लावत बसणार हाईस?"

"हो," हर्षदा म्हणाली. "बसणार आहे. रोज."

तिचा आवाज चढला नाही. पण त्यात माघारीची पायवाट नव्हती. संग्राम वर आला, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. "दे की गं. पोरगं खेळायला लागलंय, तेवढाच उपयोग. लागली तर मागून घेऊ."

"मला रोज लागते. रोज कशी मागू?"

तो दुर्बिणीकडं बघू लागला. पिवळं कडं, त्यावरचं झिजलेलं बदक, केसांची रबरं. मग नुसतं म्हणाला, "आई, चहा ठेव की."

"ठेवते. पण राजश्रीला मी सांगणार नाही," सासूबाईंनी शालीतून फोन काढून पुढं केला. "जिची दुर्बीण, तिनंच सांगावं."

'जिची'. रागानं म्हटलेला तो शब्द. पण म्हटला होता. हर्षदानं फोन घेतला, ओल्या बोटांनी. "वन्सं, या तुम्ही. राजवर्धनला दाखवीन सगळं, धरायची कशी, बघायचं कसं. पण दुर्बीण देणार नाही. वापरते मी... हो. मीच. ... पक्षी बघते. ... तुम्हाला हसायचं असेल तर हसा, पण जेवूनच जायचं." फोन परत दिला.

दोघं खाली गेली. वर ती उरली, ओली गच्ची उरली, आणि ओल्या गच्चीत पालथं पडलेलं आभाळ उरलं, केशरी, कोवळं, पायाखाली लखलखणारं.

दारात रुंजी उभी होती. माकडटोपी एका कानावर, पाय अनवाणी. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

"गार पाण्यात येऊ नको, राणी," म्हणत हर्षदानं तिला उचललं, गुडघ्यावर बसवलं, मोबाइल सोडवून काचेला तो इवलासा डोळा लावून दिला. "दिसला?"

"हं." मग बऱ्याच वेळानं, "हलत का नाही?"

"मासा यायची वाट बघतोय."

"कंटाळत नाही?"

"नाही गं. त्याला आवडतं ते."

रुंजीचा ऊबदार भार तिच्या छातीशी रेललेला. झोपेचा, तेलाचा, लोकरीचा वास. जगातला सर्वांत प्रिय भार. तळ्यावर पहिलं ऊन उतरलं, आणि ज्याचं पीसही हललं नव्हतं तो बगळा सावकाश, सम्राटासारखा, दोन्ही पंख उघडून पाण्यावरून उठला.

आणि काचेवरचा डोळा न काढता, पायाचा गार अंगठा आईच्या पोटरीवर घासत, रुंजीनं अगदी सहज विचारलं,

"आई, मी झाले म्हणून सोडलीस तू बंदूक?"

बगळा उठला होता तिथलं पाणी थरथरत होतं. सोनेरी, रुपेरी, जांभळं पाणी. थरथरत होतं, थरथरत होतं, आणि निवळत नव्हतं.