सुगीनंतरची वाट

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. तुमच्या कॉम्प्युटरजवळ असतो तसला गुळगुळीत नव्हे. मला काचेचा एक गोल डोळा आहे आणि त्यात बारीक काळी फुली आहे. एक डोळा म्हणून हसू नका. सांगलीत लोक कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून येत, त्या काळात विश्रामबागेतल्या एका छोट्या ऑफिसात आमच्यासाठी एसी बसवला होता. माणसांना पंखा होता.

माझं काम गावांचे नकाशे कॉम्प्युटरात घालायचं. कापडावर चिकटवलेला जुना नकाशा मोठ्या टेबलावर पसरत. माझी फुली रेघेवर आणून बटण दाबायचं, वळण आलं की पुन्हा दाबायचं, आणि तिकडे पडद्यावर तीच रेघ उमटायची. गाडीवाटेला ठिपक्यांची दुहेरी रेघ असे, पायवाटेला एकेरी. आम्हाला एका सरकारी खात्याकडून पायवाटांचंच काम मिळालं होतं.

ऑफिसचा मालक जिनेंद्र तरुण होता आणि त्याला एकच वेड होतं. तो म्हणे, "फाइल कुठल्याबी कॉम्प्युटरवर उघडली पाहिजे. नकाशा कपाटात कुलपात बसला, तर आपण केलं काय?" मला हे ऐकून उगीचच मोठं झाल्यासारखं वाटे.

मला चालवायची माया. तिचा हात फार हलका होता. सत्त्याण्णव साली एके दिवशी तिच्याच गावचा नकाशा टेबलावर आला. योगायोग असा, की त्याच दिवशी तिची आई पारूबाई मिरजेला डॉक्टरांकडे आली होती आणि लेकीसाठी ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन ऑफिसात आली. मायानं मला ठिपक्यांच्या एका रेघेवर ठेवलं.

"आई, बघ. ही आपली वाट."

पारूबाईनं माझ्या डोळ्यातून वाकून बघितलं. "एवढीशीच व्हय? चालताना लय लांब वाटती." मग रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "तुज्या आप्पाला ह्याच वाटनं न्हेलं. मलाबी हितनंच न्या."

"काहीतरीच बोलतीस," म्हणून माया शेंगा फोडायला लागली.

ती वाट मायाच्या बौद्धवस्तीपासून बाळगोंडा नावाच्या शेतकऱ्याच्या रानातून ओढ्याकाठच्या स्मशानाकडे जात होती. तिची एक गंमत होती. पेरणी आली की बाळगोंडा ती नांगरून टाकीत. वस्तीतलं कुणी कुरकुरत नसे. सगळे बांधाबांधानं वळसा घालून जात. सुगी झाली की बाळगोंडा स्वतः हाक मारीत, "चला रं, आता सरळ जावा!" आणि मोकळ्या रानात पहिली पावलंही तेच टाकीत. मधेच कुणी वारलं, तर ते विळा घेऊन उभ्या पिकातून वाट काढून देत. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहावं असं कुणाला वाटलंही नाही.

पण खात्याच्या माणसांनी जागेवर बघून लाल खूण केलेल्याच वाटा आम्ही घालायच्या होत्या, आणि नकाशातल्या त्या रेघेशेजारी ती खूण नव्हती. तिथं लिहिलं होतं, 'जागेवर नाही.' तपासणीची माणसं भादव्यात आली होती, आणि तेव्हा तिथं डोक्याएवढी हायब्रीड ज्वारी उभी होती. पारूबाईनं त्यांना बांधावर गाठून सांगितलं होतं, "आवं सायेब, सुगीनंतर या, मग दिसंल." त्यांना त्याच दिवशी पुढचं गाव उरकायचं होतं.

माया जिनेंद्रकडे गेली. "सर, वडिलांना नेलं तेव्हा मी त्या वाटेनं चाललेय. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"खरं आहे तुझं," जिनेंद्र म्हणाला. "पण आज तुझी वाट बिनखुणेची घातली, तर उद्या कुणीबी येऊन आपली घालायला लावंल. मी खात्याला विचारतो."

त्यानं खरोखर विचारलं. सुगीनंतर माणूस पाठवतो, असं उत्तर आलं. सुगी झाली, कडबासुद्धा रचून झाला, माणूस काही आला नाही. काम द्यायची तारीख मात्र आली आणि फ्लॉप्या गेल्या. जिनेंद्रच्या मनासारखं झालं, नकाशा कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडू लागला. मायाची वाट त्यात कुठेही नव्हती.

पुढच्या वर्षी बाळगोंडा वारले. मुलांनी रान परगावच्या माणसाला विकलं. त्यानं तारेचं कुंपण घातलं. वस्तीतले लोक बोलायला गेले, तेव्हा त्यानं नव्या नकाशाची छापील प्रत काढली आणि म्हणाला, "दाखवा ह्यात वाट."

त्याच वर्षी माघात पारूबाई गेली. रान मोकळं होतं, सरळ जाण्याचे दिवस होते. पण तिला डांबरीवरून, एसटीच्या थांब्यावरून, गावाला सगळा वळसा घालून न्यावं लागलं. खांदेकरी थकले, तिरडी दोनदा रस्त्याच्या कडेला टेकवली. मायानं कामावर परत आल्यावर हे जिनेंद्रला सांगितलं. सांगताना ती रडली नाही. मी रडलो असतो, पण माझा डोळा काचेचा.

मग तिनं गावचा नकाशा पसरला आणि मला वस्तीजवळ ठेवलं. ठिपक्यांकडे बघण्याची तिला गरजच नव्हती. बांध, बाभळ, विहिरीचं वळण, ओढा, एकेक जागा पुटपुटत ती बटण दाबत गेली. जिनेंद्र मागे उभा होता.

"ठेव," तो म्हणाला. "राहू दे ती."

ती रेघ फक्त आमच्या कॉम्प्युटरात राहिली. वाटलेल्या फ्लॉप्या कोण परत आणणार? पुढे ऑफिस बंद पडलं आणि कॉम्प्युटर भंगारात गेला. मी एका खणात पडून आहे. माझी वायर उंदरांनी खाल्ली. भाऊबंदच ते, काय बोलणार!

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणत नाही, माझं सगळं झालं. दुःख एवढंच आहे, की त्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्याचं पीक तुडवलं नाही आणि त्यामुळेच त्यांची वाट कुणाला दिसली नाही. तुम्ही मोठे व्हाल, नकाशे कराल. तेव्हा कुठल्यातरी बांधावर एखादी बाई तुम्हाला म्हणेल, सुगीनंतर या.

तर मित्रांनो, खरंच परत जा.