पत्र क्रमांक साठ

लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली अठरा हे समुद्रावर. आता वयाचा नियम दाखवून नौदलाने यांना कायमचं घरी पाठवलंय. गॉस्पोर्टच्या या घरात कमांडर अँब्रोज पेंगेली पाहुण्यासारखे बसतात. चहाचा डबा कुठे असतो, तेही मला विचारतात.

दूरच्या जहाजावर टपाल साचून, मागेपुढे होऊन पोचतं. म्हणून आम्ही नौदलाच्या बायका पत्रांवर आकडे घालतो. हे ती क्रमाने वाचतात एवढं मला ठाऊक होतं. आज जेवताना सहज म्हणाले, "दर रविवारी एकच. सगळी एकदम वाचली तर पुढचे महिने कसे काढायचे?"

माझा काटा हातातच राहिला. "मग एक्केचाळिसावं?"

माझ्या मामांनी खटपट करून यांच्यासाठी किनाऱ्यावरच्या नोकरीची जागा मिळवली होती. पत्र मिळताच होकार कळवा, असं मी एक्केचाळिसाव्यात लिहिलं होतं. बाकी पत्रांची उत्तरं आली, त्याचं कधीच नाही.

"गठ्ठ्यात ते दहावं होतं," हे बशीकडे बघत म्हणाले. "वाचलं तोवर जागा गेली होती. कोणत्या तोंडाने लिहू?"

दोन वर्षं मी समजत होते, यांना मी नकोच आहे. आता भांडायचंही त्राण नव्हतं. "धन्य आहे तुमची! जहाज बुडालं असतं तरी रविवारचीच वाट बघितली असतीत."

हे कसंनुसं हसले. खिशातून एक मळकं पाकीट काढलं. साठ. लाखेची मोहर शाबूत होती.

"तुझं शेवटचं. फोडलं की संपलं, म्हणून ठेवलं. आता मला तुझं बारीक अक्षर दिसत नाही. तूच वाच."

पाकीट मी हातात घेतलं. त्यात मी लिहिलं होतं, तुम्ही मला मेलात, या घराची पायरी पुन्हा चढू नका. त्यानंतर पत्र लिहिणंच सोडलं होतं.

मी मोहर फोडली.

"प्रिय अँब्रोज, यंदा वाटाणे छान आलेत. मांजरीला तीन पिल्लं झाली. तुमची खुर्ची खिडकीशी हलवलीय, लवकर या."

हे डोळे मिटून ऐकत होते. "म्हणजे तू रागावली नव्हतीस."

"नाही हो."

"पुढच्या रविवारी पुन्हा वाचशील?"

हो म्हटलं. पत्र चुलीत घालून भांडी घासायला बसले आणि घोकत राहिले : वाटाणे, मांजर, तीन पिल्लं, खुर्ची.