वीतभर आखूड

इकडेतिकडे काय बघताय? खिडकीत बघा. हो, मीच बोलतोय. मोहरीच्या रंगाचा, तांबूस पानांचा पडदा. आम्ही दोघं आहोत. उजवीकडचा माझा जोडीदार अबोल आहे, वारा आला तरी चारदा विचार करून हलतो. माझं तसं नाही. माझ्या अंगात कायमची चुळबुळ. दार उघडलं की मी आधी फडफडतो आणि मग बघतो कोण आलं ते.

आणि का नसावी चुळबुळ? सतरा वर्षांत सहा घरं बघितलीत मी. घरं कसली, छावणीतली क्वार्टर्स. सगळ्यांच्या भिंती एकाच रंगाच्या, दारावर नुसता आकडा. आपल्याआधी तिथे कोण राहून गेलं हे भिंतीतल्या खिळ्यांवरून ओळखायचं. उंचावर खिळा असला की माणूस उंच, आणि कमरेएवढ्या उंचीवर पेन्सिलच्या रेघोट्या दिसल्या की घरात मूल.

माझा जन्म कापडाच्या दुकानातला. आई तेव्हा आई नव्हती, नवी नवरी होती. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या क्वार्टरवर राहायला जायची होती.

दुकानदाराने विचारलं, "खिडकी केवढी आहे?"

"माहीत नाही हो. त्यांनीसुद्धा अजून बघितलेली नाही. घर उद्या मिळणार आहे."

"मग मी कापू किती?"

तिने डोक्यावर हात ठेवून दाखवलं. "माझ्याएवढं. आणि वर वीतभर. असू दे."

ही वीत लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिचंच आहे.

पहिली खिडकी निघाली बुटकी. बाबा सैन्यात गाड्या दुरुस्त करतात, त्यांना जादा काही लोंबताना दिसलं की चैन पडत नाही. ते म्हणाले, "उरलेलं कापून टाक की."

"कापायचं नाही, दुमडायचं," आई म्हणाली. "पुढची खिडकी कुणी बघितलीय?"

तेव्हापासून हा घरचा कायदाच झाला. दर बदलीला आई माझी जुनी शिवण उसवायची आणि नव्या खिडकीच्या मापाने नवी घालायची. दुमडीच्या आत माझा मूळचा रंग लपून राहायचा. बाहेरचं अंग उन्हाने फिकट झालेलं, आतला पट्टा मात्र दुकानातल्यासारखा झळझळीत. उसवलं की आई त्याच्यावरून एकदा हात फिरवायची, मग दोरा ओवायची.

बदलीची खबर आम्हाला आधी बुटांवरून कळायची. एरवी बाबा संध्याकाळी आले की दाराशी बूट फटाफट काढायचे. पण ज्या दिवशी हुकूम हातात पडलेला असे, त्या दिवशी त्यांना नाड्या सुटायच्याच नाहीत. एक बूट निघायचा, मग बराच वेळ काही नाही. स्वयंपाकघरात आईचा हात थांबायचा. ती विचारायची, "कुठे?" कधी, का, किती दिवसांनी, असले प्रश्न नाहीत. नुसतं कुठे.

मग माळ्यावरच्या लाकडी पेट्या खाली यायच्या. चौदा पेट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. पेटी क्रमांक एक सगळ्यात आधी उघडायची, म्हणून तिच्यात चहाचं पातेलं, हातोडी, खिळे, दिवे, दोरी आणि आम्ही दोघं. ट्रकमधून पेट्या उतरताना बाबा मोठ्याने मोजायचे. "चौदा!" असं ओरडले की आईच्या जिवात जीव यायचा. त्यानंतर छावणीचा भांडारी यादी घेऊन यायचा. पंखे दोन, नळ तीन, काचा शाबूत. घ्या सही करा. तो जाईपर्यंत आई मला हातात घेऊन उभीच असायची. पहिल्या दिवशी पडदे लागलेच पाहिजेत, बाकी घर मेलं महिनाभर पेट्यांत राहू दे, असं तिचं म्हणणं. पडदे लागले की ती म्हणायची, "चला, आलो घरी."

मुलगी दुसऱ्या क्वार्टरमध्ये झाली. बाबा तिला मुंगी म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून दर बदलीत ती स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून निघायची. कधी उशी, कधी बादली. सहा वर्षांची होईपर्यंत तिला बदली म्हणजे गंमत वाटायची. पुढे ती शाळेत मैत्रिणी करायला लागली आणि गंमत संपली.

पाचव्या घरी गेलो तेव्हा मुंगीला पंधरावं लागलं होतं. त्या दिवशी बाबा भलतेच खुशीत होते. "इथे तीन वर्षं. नक्की! मला साहेबांनी स्वतः सांगितलंय. मुंगी, तुझी शाळा इथेच संपणार."

मुंगीने शहानिशा करायची म्हणून तीनदा विचारलं. तीनदा "नक्की" आलं. मग तिने खिडकीपाशी येऊन माझी जाडजूड दुमड उचलली. "मग हे बोचकं खाली कशाला लोंबतंय? काप ना, आई."

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. आणि सोळा वर्षांचा कायदा मोडून आईने कात्री घेतली. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. पायाशी ओझं नाही, धूळ नाही, आता एकच खिडकी. जोडीदारसुद्धा त्या दिवशी आपणहून हलला.

कापलेल्या पट्टीतून मुंगीने चार फिती केल्या. शाळेच्या रिले शर्यतीत ती चौथी पळायची. चौघी मैत्रिणींनी मनगटावर माझी एकेक फीत बांधली, आणि त्यानंतर त्या दोन शर्यती जिंकल्यादेखील. मी आपलं घरी बसून श्रेय घेतलं.

सातव्या महिन्यात एका संध्याकाळी दाराशी एक बूट निघाला. दुसरा निघेचना.

"कुठे?" हा प्रश्न त्या दिवशी आईने विचारला नाही. मुंगीनेच विचारलं, "तीन वर्षं म्हणाला होतात ना?"

"मला तसंच सांगितलं होतं, बाळा."

"मग त्यांना जाऊन विचारा ना!"

"आमच्यात विचारता येत नाही."

"पण मला तर सांगता आलं होतं!" एवढं बोलून तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. बाबा एक बूट पायात, एक हातात, असे उंबऱ्यावर बसून राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आपल्यालाच फसवलं गेलंय आणि आपणच फसवणारे ठरलोय, अशा माणसाचं तोंड कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

असे आम्ही या सहाव्या घरी आलो. ट्रक आला, चौदा पेट्या उतरल्या, भांडारी सही घेऊन गेला. आईने मला उचलून खिडकीला लावून बघितलं. ही खिडकी थेट कवायतीच्या मैदानाच्या रस्त्यावर, आणि चांगली उंच. मी खाली पोहोचेचना. बरोबर वीतभर काच उघडी राहिली.

आई बराच वेळ त्या उघड्या काचेकडे बघत राहिली. मग तिने आम्हा दोघांची घडी घातली आणि परत पेटीत ठेवलं. खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली.

पेटीत पडून राहण्याइतकी मोठी शिक्षा नाही. बिजागरीपाशी एक फट आहे, तेवढंच माझं जग. फटीतून मला मुंगीची बॅग दिसायची. बाकी तेरा पेट्या उघडल्या, ती बॅग मात्र बंदच. ती त्यातूनच कपडे काढायची, घालायची, परत त्यातच ठेवायची.

"मी मावशीकडे राहते," तिने तिसऱ्या दिवशी जाहीर केलं. "तिथे एकच शाळा आहे आणि एकच पत्ता. मावशी हो म्हणालीय. येता सोडून पुढच्या सोमवारी अर्ज द्यायचा आहे, बाबांची सही लागेल."

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी जमिनीकडे. माझा जीव मात्र टांगणीला लागला. ही पोरगी गेली तर घरात कुणाचा आवाज राहणार? वाऱ्याला दार उघडायचं तरी कुणी?

आठव्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी किटली घेऊन आल्या. त्यांचे यजमान ट्रक चालवतात. खिडकीकडे बघून त्या म्हणाल्या, "अजून कागदच? मुक्काम पक्का नाही वाटतं तुमचा?"

आई हसली. "खिडकी मोठी निघाली हो."

"मग नवे घ्या की. नाहीतर तुम्ही शिवा, शिवता ना?"

"एकदा मीच कापलाय तो. आता माझा हात धजत नाही," आई म्हणाली. वहिनींना काही कळलं नाही, पण त्यांनी शहाण्या बाईसारखा चहा ओतला.

रविवार उजाडला. दुपारच्या बसने मुंगी जायची होती. सकाळी पेटीचं झाकण उघडलं, आणि वर बघतो तो बाबा! सतरा वर्षांत या माणसाने मला कधी हात लावला नव्हता. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास येत होता. त्यांनी आम्हाला जमिनीवर पसरलं आणि शेजारी त्यांची जुनी हिरवी गणवेशाची पँट ठेवली. मग खिशातून एक छोटी पिशवी काढली. तिच्यात सुई, जाड हिरवा दोरा आणि चार बटणं. सैन्यात भरती झालेल्या प्रत्येकाला ती मिळते म्हणे. आपलं बटण आपणच लावायचं.

आई दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

"वीतभर कमी पडतोय ना? तेवढं जोडतो."

"अहो, मोहरीच्या रंगाला हे गवत? लोक हसतील. नवे आणू आपण."

"नव्याने आपलं काय बघितलंय?" बाबा म्हणाले, आणि कात्रीने पँटचा पाय उसवायला लागले.

मुंगी बॅग घेऊन बाहेर आली. टेबलावर तिचा अर्ज होता. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "सही केलीय. तुझ्या मनासारखं कर. मी राहा म्हणणार नाही. राहा म्हटलं की तू विचारशील, किती दिवस? आणि ते मला माहीत नाही. एकदा माहीत असल्यासारखं बोललो, ते पुरे झालं."

एवढं सलग बोलायची त्यांना सवय नाही. सुई बोटात घुसली. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि पुन्हा शिवायला लागले.

मुंगी अर्ज उचलायला वाकली आणि तिची नजर माझ्यावर पडली. बाबांचे टाके एवढे बारीक, एवढे घट्ट, जणू मशीनगनचा पट्टा शिवताहेत. ती तशीच बघत उभी राहिली. मग बॅग खाली ठेवून ती गुडघ्यावर बसली. तिच्या मनगटावरची फीत माझ्या अंगाला लागली. माझाच तुकडा! बाकी तीन कुठल्या कुठे राहिले होते. खरं सांगतो, मला भरून आलं.

"बाबा, एवढे बारीक टाके?"

"पक्के नकोत?"

"पक्के घातलेत तर पुढच्या वेळी उसवताना आईचे डोळे जातील." तिने टाक्यावर बोट ठेवलं. "मोठे घाला. आणि पट्टी अशी पूर्ण सोडू नका. जास्त घ्या, आणि दुमडा. पुढची खिडकी याहून उंच असली तर?"

बाबांचा हात थांबला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"पुढची?" बाबांनी हळूच विचारलं.

"कापायचं नाही, दुमडायचं," मुंगी म्हणाली. "द्या इकडे, दुसरा पाय मी उसवते."

मग आतून आईने विचारलं, "मावशीला काय कळवू?"

"सुट्टीत येते म्हणून सांग."

आई बाहेर आली. तिने डोळे पुसले, आणि पुसताना दिसू नये म्हणून बापलेकीवर डाफरली, "सरका दोघं, ही काय शिवण झाली? सरळ रेघ मारता येत नाही एकाला." पण सुई तिने घेतली नाही. त्या दिवशी संपूर्ण शिवण त्या दोघांचीच. वाकडी, हिरवी आणि लांब टाक्यांची.

दुपारी आम्ही खिडकीत चढलो. कागद निघाले. आई मागे सरकून बघत म्हणाली, "चला, आलो घरी." बारा दिवस उशिरा, पण म्हणाली.

तर हे असे आम्ही. खाली गणवेशाची किनार लावलेले विचित्र पडदे. मैदानाकडे जाणारे जवान वर बघून हसतात, हसू देत. पायाशी पुन्हा दुमडीचं ओझं आहे, पुन्हा धूळ बसते. मुंगीला नव्या शाळेत अजून मैत्रीण मिळालेली नाही. दुपारी ती माझ्यापाशी बसून जुन्या मैत्रिणींना लिहिते, आणि मध्येच चिडून कागद फाडते. सगळं छान झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच मागतो, तुमच्या घरी शिवणकाम निघालं आणि कुणी "नक्की ना?" असं विचारलं, तर कात्री जरा लांब ठेवा.

आता शांत बसा, पाच वाजलेत. ऐका, दाराशी बाबा आले. मुंगीने पेन खाली ठेवलं आहे. तीही कान देऊन ऐकते, मीही. एक बूट निघाला.

दुसरा?

निघाला. लगेच निघाला.