मधे भात हाय

रंजिता स्केटिंग शिकली ती मुरबाडच्या एका भातगिरणीमागच्या सिमेंटच्या खळ्यावर, आणि तीही कडेकडेने. मधे भात वाळत घातलेलं असायचं. दिवाळीनंतर अख्खा हिवाळा ते खळं भाताचंच. माणसांना उरायची ती भोवतालची पट्टी. भातावर चप्पल पडायची नाही, मग चाकांची काय कथा. तिथे फक्त बायका अनवाणी फिरायच्या, पाय ओढत भात परतायच्या. त्यांतलीच एक रंजिताची आई, जनी.

भाग्यश्री मॅडम लग्न होऊन मुरबाडला आल्या आणि स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी पोरींना फिगर स्केटिंग शिकवायला घेतलं, चाकांच्या बुटांवरचं. बर्फ कुठून आणणार, मुरबाडला अजून रेल्वे आलेली नाही. त्या पट्टीवर लांब धाव घ्यायला जागाच नव्हती. दोन ढांगा टाकायच्या, उडी घ्यायची, हवेत गिरकी पुरी करायची आणि उतरताना भातात जायचं नाही. कुणी गेलीच तर जनी ओरडायची नाही, नुसती कमरेवर हात ठेवून बघत राहायची. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

शहापूरला एका शाळेच्या पत्र्याच्या छपराखाली जिल्ह्याची स्पर्धा लागली. राज्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या जिल्ह्याच्या संघात दोघीच असणार होत्या, आणि त्या दोघींत रंजिताला असायचं होतं. दुसरं काही तिला सुचतच नव्हतं.

गुणांचा हिशेब मॅडमनी तिच्याकडून घोटून घेतला होता. प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत आधीच ठरलेली. ती कशी जमली ते बघून पाच पंच किंमत वर-खाली करतात. पडलात की वेगळी कात्री. शिवाय रचनेचे गुण निराळे: संगीताला धरून आहे का, मैदान सगळं वापरलं का. आणि दर ठिकाणी पाचांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा काढून टाकायचा, उरलेल्यांची सरासरी धरायची. म्हणजे एकट्याच्या मर्जीवर कुणी तरत नाही आणि बुडतही नाही.

पहिल्या दिवशीच्या छोट्या फेरीत रंजिता उड्यांत सगळ्यांच्या पुढे राहिली आणि रचनेत तिने सपाटून मार खाल्ला. एकूण तिसरी. मुख्य पंच कडक इस्त्रीतले गृहस्थ होते. फेरी संपल्यावर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय गं, मैदानाच्या मधे विहीर आहे का? एकदासुद्धा गेली नाहीस."

कल्याणच्या मुली हसल्या, त्यांच्या आयाही हसल्या.

"विहीर नाय सर," रंजिता म्हणाली. "मधे भात हाय."

ती विनोद करत नव्हती. तोंडातून निघून गेलं. पण मग तर पत्र्यापर्यंत हशा गेला. आपण मधे गेलोच नाही, हे तिला स्वतःलाही तोवर कळलं नव्हतं. मैदान रिकामं होतं, पण पायांना ते दिसलं नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "उद्याच्या मोठ्या फेरीत दोन उड्या मधे घे. तेवढ्याने रचना सुधारेल."

रंजिताने करून पाहिलं. मधे कड नाही, काठ नाही, पायांना ठाव लागेना. ती आपटली, उठली, पुन्हा आपटली.

"मधे नाही गेलीस तर रचनेत जाशील," मॅडम म्हणाल्या.

"आन गेले तर उडीत जान."

"मग तुझं तू ठरव."

दुसऱ्या दिवशी जनी किन्हवलीमार्गे जीपने आली. लेकीची स्पर्धा ती पहिल्यांदाच बघत होती. बसायचे बाक दाराच्या थेट समोर, पलीकडच्या बाजूला. फेरी सुरू व्हायला वेळ होता, त्यामुळे लोक मैदानातून सरळ आडवे जात होते. जनीने दारातच चपला काढल्या, हातात घेतल्या आणि कडेकडेने, अख्ख्या मैदानाला वळसा घालून ती बाकापाशी गेली.

"हीपण कडेनेच," मागे कुणीतरी खुसखुसलं.

रंजिताला कालपासून लाज वाटत होती. ती लाज त्या क्षणी गेली आणि तिच्या जागी राग आला, चांगला सणसणीत.

"मॅडम, मी मधे नाय जानार."

"अगं, संघ जाईल हातचा."

"गेला तर गेला. काल ते चुकून झालं. आज ठरवून करनार हाय."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि बुटाची नाडी आवळून दिली.

संगीत सुरू झालं. रंजिता कडेने सुटली. दर वळणावर ती मधे बघायची, भात किती वाळलं ते बघावं तशी, आणि हात त्याच्यावरून फिरवायची. दोन ढांगा, उडी. दोन ढांगा, उडी. शेवटच्या उडीला चाक आत सरकलं. मधे जाऊ लागलेला तोल तिने कमरेतून ओढून काठावर आणला. बाकावर जनी अर्धी उठली होती, ती खाली बसली. आता कुणी हसत नव्हतं, सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत होते. संगीत थांबलं तेव्हा रंजिता पंचांसमोर उभी होती, कमरेवर हात ठेवून, जनीसारखी.

गुण लागले. धाव न घेता मारलेल्या उड्यांची किंमत पंचांनी वर नेली होती. रचनेत चौघांनी बरे आकडे दिले होते, पाचवा मुख्य पंचांचा, सगळ्यात खालचा.

"हा गळला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना. रंजिता दुसरी आली होती. जनीला हिशेब कळला नाही, तिने लेकीचा घामेजला चेहरा पदराने पुसला.

मायलेकी कडेकडेने दाराकडे निघाल्या. जनीच्या चपला हातातच होत्या. वाटेत मुख्य पंच उभे होते.

"उड्यांनी तारलं तुला," ते म्हणाले. "राज्याला मात्र मधे यावंच लागेल."

"पौषात म्हशाच्या जत्रेपरेंत आमचं भात उचलतंय, सर," रंजिता म्हणाली. "मग येन मधे. वाटलं तर."