आधी कुकर

कुलपाला हात लावण्याआधी ओकजूने मीटर पाहिलं. ती तिची सवयच होती. भिंतीवरच्या काचेमागे चकती फिरत असते. भरभर फिरली तर आत माणूस आहे, टीव्ही चालू आहे. रेंगाळत फिरली तर नुसता फ्रिज. कोर्टाच्या लिलावातली घरं घेणाऱ्यांना हे कोणी शिकवत नाही. दोन-चार दारांवरून शिव्या खाऊन परतलं की आपोआप येतं. सात वर्षांत तिने आठ घरं अशी घेतली होती आणि चकतीने तिला एकदाही फसवलं नव्हतं.

आज चकती इतकी रेंगाळत होती की तिच्यावरची लाल खूण एकदा समोरून गेली, ती परत येईतो बांगची सिगारेट अर्धी संपली.

"म्हातारी बाजारात गेलीय," बांग म्हणाला. "चला वहिनी, पाच मिनिटांचं काम."

बांग हा ओकजूच्या नवऱ्याचा पलटणीतला दोस्त. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनियर, वर्षाचे नऊ महिने पाण्यावर. जमिनीवरचं सगळं ओकजूकडे: इंचॉन बंदराच्या चढावरच्या गल्ल्या पायाखाली घालून घर हेरायचं, बोली लावायची, राहणाऱ्याला बाहेर काढायचं, जुनं पाडून चार मजले उभे करायचे आणि विकून मोकळं व्हायचं. विकलं की पुढच्या कामाशेजारी पुन्हा भाड्याचं बिऱ्हाड. पाच वर्षांच्या सोलच्या तीन बालवाड्या बदलून झाल्या होत्या. पोर हल्ली चित्रात घर काढतच नसे. टेम्पो काढायची.

हे कोपऱ्यावरचं घर त्यासाठी होतं. त्याला लागून असलेली दोन ओकजूने आधीच घेतली होती. हे तिसरं रिकामं झालं की तिन्ही पाडायची, आणि या खेपेला वरचा मजला विकायचा नाही. तिथे राहायचं. सोलची खोली कुठली, हेही तिने पोरीला सांगून ठेवलं होतं. खिडकीतून बंदर दिसेल ती.

अडलं होतं मालसुनपाशी. मालसुन साठी उलटलेली विधवा. डुकराच्या आतड्यात रक्त आणि शेवया भरून, उकडून बाजारात विकायची. तिच्या मुलाने घर गहाण टाकलं, धंदा बुडवला आणि तोंड काळं केलं. घर लिलावात निघालं. कागद ओकजूच्या नावावर झाले, पण म्हातारी हलेना. ओकजू तीनदा गेली. सामान हलवायचा खर्च देते म्हणाली, मग दुप्पट देते म्हणाली. तिसऱ्या वेळी मालसुनने दार उघडलं आणि काही न बोलता तिच्या पायांशी रक्ताची बादली उपडी केली.

"बूट छान आहेत गं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी जुने घालून ये."

गुरुवारी कोर्टाची माणसं येऊन दार फोडणार होती. ओकजूने तोवर थांबायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण तिच्या सासूचा एक नियम होता आणि आठही घरांत ओकजूने तो पाळला होता. नव्या घरात पहिल्यांदा भाताचा कुकर जातो, तांदळाने भरलेला, घरच्या बाईच्या हातून, आणि तोही भुतं आभाळात गेलेली असतात अशा तिथीला. मग सामान महिन्याने आलं तरी चालतं. घर आपलं झालेलं असतं. इथे तर गुरुवारी पहिलं पाऊल कोर्टाच्या शिपायांचं आणि रडारडीचं पडणार होतं. त्याआधीची चांगली तिथी आजचीच. आठ घरं तिने विकण्यासाठी घेतली, तेव्हा पाळलं. हे सोलसाठी होतं, तेव्हा कसं मोडायचं?

म्हणून रविवारी भर दुपारी ती दहा माणसांचा जुना, जड कुकर पोटाशी धरून उभी होती. सोल आजीकडे होती. बांगने घरं रिकामी करून देणाऱ्यांपैकी दोघे आणले होते, एक उंच आणि एक टकला. टकल्याने कुलपात ड्रिल घातलं. पत्र्याचा किस खाली पडत राहिला. आतून काही आवाज आला नाही.

दार उघडलं तसा उकळत्या हाडांचा वास अंगावर आला. ओकजूला तो वास आला, पण त्याचा अर्थ लागेतो बांग आत शिरला होता.

मालसुन अंधारात चुलीशी बसली होती. कोळशाच्या चुलीला वीज लागत नाही. दिवा बंद, टीव्ही बंद, नुसता फ्रिज. तिने मोठ्या डावाने पातेल्यातला रस्सा उचलला आणि शांतपणे, पाहुण्याला वाढावं तसा, बांगच्या तोंडावर फेकला.

बांग किंचाळलाही नाही आधी. दोन्ही हात तोंडावर नेले, काढले, तेव्हा गालाची कातडी तळव्याला चिकटून आली. मग तो ओरडला.

उंच माणसाने त्याला ओलांडून म्हातारीच्या पोटात लाथ घातली. ती मागच्या टपांवर कोसळली. टपं उलटली, रक्त आणि पाणी सिमेंटवरून दारापर्यंत धावलं. टकल्याने तिचे केस धरून तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि मग नीट पकड बदलून पुन्हा. तिने त्याच्या अंगठ्यात दात रुतवले. तो शिव्या देत हात ओढू लागला तशी ती त्याच्याबरोबर फरपटत गेली, पण सोडेना. अंगठ्याचं पेर तिच्या तोंडात राहिलं. तिने ते थुंकलं.

"पळा वहिनी," बांग भिंतीशी बसून म्हणाला. त्याचा एक डोळा उघडत नव्हता.

ओकजू उंबऱ्यावर होती. गल्ली तिच्या मागे मोकळी होती. तिने कुकर आणखी घट्ट धरला.

उंच माणूस पुन्हा वाकला, आणि मालसुनच्या हातात आतडी चिरायची पातळ सुरी कुठून आली ते कोणालाच दिसलं नाही. ती त्याच्या मांडीत मुठीपर्यंत गेली. सुरी बाहेर येताना मात्र सगळ्यांना दिसली. तो बसला, मग आडवा झाला, आणि मांडी दोन्ही हातांनी दाबून आईला हाका मारू लागला.

मालसुन उठली. एका कानातून रक्त मानेवर उतरत होतं. तिने दाराकडे पाहिलं, मग खाली ओकजूच्या पायांकडे.

"घातलेस ना जुने?" ती म्हणाली आणि सुरी घेऊन पुढे आली.

ओकजूने कुकर डोक्याच्या वर उचलला आणि मारला. तो म्हातारीच्या मनगटावर बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. सुरी पडली आणि घसरत चुलीखाली गेली. मालसुन गुडघ्यांवर आली, मोडका हात छातीशी धरून. तिने वर पाहिलं. तिच्या हातात काही नव्हतं आणि ते ओकजूला स्पष्ट दिसत होतं.

ओकजूने कुकर पुन्हा उचलला.

या वेळी तो जबड्यावर बसला. झाकण उघडलं, तांदूळ सगळीकडे उधळले आणि रक्ताच्या पाण्यात पडून लाल झाले. म्हातारी आडवी झाली आणि मग हलली नाही, फक्त तिच्या घशात काहीतरी घरघरत होतं.

यानंतर ओकजूने जे केलं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. कोणी रुग्णवाहिका बोलावण्याआधी ती म्हातारीला ओलांडून आतल्या खोलीत गेली, भिंतीशी बरोबर मधोमध कुकर ठेवला, झाकण दाबून लावलं. ते लागेना. तिने तळहाताने ठोकून लावलं. मग बाहेर येऊन फोन केला.

पोलिसांना सगळ्यांनी एकच सांगितलं: आम्ही बोलायला गेलो होतो, म्हातारीने उकळता रस्सा फेकला, सुरी चालवली. खोटं त्यात फक्त बोलायला जाण्यापुरतं होतं. बांगचा डोळा गेला. उंच माणसाचा पाय वाचला. तडजोडीच्या कागदावर दोन्ही बाजूंनी सहीच्या जागी आपापले शिक्के उमटवले की कोर्टात प्रकरण हलकं होईल, असं वकील म्हणाला. नाहीतर ओकजूला शिक्षा होऊ शकते, आणि शिक्षा झाली तर घर, सोल, खिडकीतलं बंदर, कशाचाच भरवसा नाही.

तीन आठवड्यांनी ती फळांच्या रसाच्या बाटल्यांचं खोकं घेऊन इस्पितळात गेली. सहा खाटांच्या खोलीत मालसुन खिडकीपाशी होती. जबडा तारांनी बांधलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये. शब्द दातांच्या फटीतून येत होते.

"कागद आणलास?"

"आणलाय, मावशी."

मालसुनने तो वाचला नाही. "मीटर बघायचीस तू," ती म्हणाली. "येताना बघायचीस, जाताना बघायचीस. मी पडद्याआडून तुला बघायचे. म्हटलं, शहाणी आहे पोरगी. मग मी अंधारातच बसायला लागले."

ओकजूने खोकं खाटेच्या पायाशी ठेवलं.

"एकदा मारलंस, ते ठीक. माझ्या हातात सुरी होती. दुसऱ्यांदा का?"

"घाबरले होते मी."

"खोटं बोलायचं तर कागद घेऊन जा."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने टीव्हीचा आवाज कमी केला. ओकजूने खोकं मांडीवर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.

"तुम्ही उठू नये म्हणून," ती शेवटी म्हणाली. "घर हवं होतं."

मालसुनने डाव्या हाताने उशीखालून कापडी पिशवी काढली. पिशवीचं तोंड सुटेना. ओकजूने मदतीला हात पुढे केला, तिने तो झटकला. दाताने ओढायला गेली आणि वेदनेने डोळे मिटले. शिक्का निघाला. तिने तो लाल शाईत बुडवला आणि वाकडाच उमटवला.

"मुलगी आहे ना तुला?"

"आहे."

"भात कशात शिजवतेस तिला?"

"नवा घेतला," ओकजू म्हणाली.

"आता घर तुझं," मालसुन म्हणाली आणि खिडकीकडे वळली. "मीटर बघून आत जात जा."

दीड वर्षाने चौथ्या मजल्याचा रंग वाळला. सासूने तिथी काढून दिली. खाली शिडीची गाडी सामान वर चढवायला तयार उभी होती आणि हमाल घाई करत होते. नवा कुकर आपणच धरणार म्हणून सोल हटून बसली होती. तांदूळ भरलेला तो कुकर दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती चार मजले, पायरीपायरीवर थांबत, चढून आली.

दाराशेजारी मीटर होतं. नव्या तऱ्हेचं. चकती नव्हती, नुसते आकडे आणि एक बारीक लुकलुकणारा दिवा. ओकजू त्याच्याकडे पाहत राहिली. आकडे काहीच सांगत नव्हते.

"आई, उघड ना," सोल म्हणाली. "जड आहे."

किल्ली ओकजूच्या हातात होती. तिने दाराला कान लावला.

"आई, आत कोणी आहे का?"

"थांब जरा," ओकजू म्हणाली. "मला दे तो." तिने कुकर पोरीच्या हातून काढून घेतला आणि तिला मागे, जिन्याकडे सरकवलं.